मोशेचं गाढव, नाबोथचा मळा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकातल्या लेखात तनाखमधल्या, म्हणजे हिब्रू धर्मशास्त्रातल्या, कोरहाच्या बंडाचा दोनच ओळींत उल्लेख होता. लोकांचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध त्याने वाळवंटात बंड केलं आणि जमिनीने त्याला गिळलं, एवढाच. त्या दोन ओळींवर आलेली पत्रं मात्र लेखापेक्षा लांब भरली. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांतून या गोष्टी पिढ्यानपिढ्या मराठीतच सांगितल्या गेल्या आहेत, त्यामुळे हे व्हायचंच होतं. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. नावं मराठी बायबलात आहेत तशीच ठेवली आहेत.

‘सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्ही दोघेच का वर?’ असं कोरह विचारतो. आज कोणी ग्रामसभेत हे बोललं तर टाळ्या पडतील. मग त्याचं चुकलं कुठे? (अलिबाग)

वाक्यात चूक नाही. निर्गम या पुस्तकात (१९:६) देवच या लोकांना याजकांचं राज्य आणि पवित्र राष्ट्र म्हणतो. मोशेलाही सगळ्यांच्या पवित्रपणाचं वावडं नव्हतं. कोरहाच्या आधी, गणना ११ मध्ये, एलदाद आणि मेदाद हे दोघे छावणीतच संदेश देऊ लागतात. एक तरुण धावत येऊन ते सांगतो, आणि मोशेचा मदतनीस यहोशवा म्हणतो, त्यांना थांबवा. मोशे उलट यहोशवालाच विचारतो, माझ्या वतीने तुला कशाला पोटदुखी? सगळेच संदेष्टे झाले तर बरंच की.

तेव्हा वाक्य बाजूला ठेवून आधी बोलणारा कोण ते पाहावं. गणना १६ची सुरुवातच वंशावळीने होते. कोरह हा इसहारचा मुलगा, इसहार कहाथचा, कहाथ लेवीचा. मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन, जो मुख्य याजक होता, हे अम्रामचे मुलगे, आणि अम्रामही कहाथचाच. म्हणजे ही सख्ख्या चुलतभावांमधली गोष्ट आहे. (भाऊबंदकी म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.) कहाथच्या घराण्याकडे काम होतं मानाचं: निवासमंडपातली, म्हणजे तंबूतल्या देवस्थानातली, सर्वांत पवित्र उपकरणं खांद्यावरून वाहायची. गेर्षोनच्या घराण्याला २ गाड्या मिळाल्या, मरारीच्या घराण्याला ४. कहाथला एकही नाही, कारण ती उपकरणं गाडीवर घालायची नसतात. पण या घराण्याचा प्रमुख नेमला गेला तो अलीसाफान, सर्वांत धाकट्या काकाचा मुलगा. ११व्या शतकातला भाष्यकार राशी जुन्या परंपरेचा आधार घेऊन सांगतो, की दुखणं इथलं होतं. अम्रामच्या खालोखाल इसहार, मग मान आपला असायला हवा होता, असं कोरहाचं गणित. तोंडात ‘सगळे’ आणि मनात ‘मी’.

आता बरोबर कोण आहेत ते पाहा. दाथान आणि अबीराम रऊबेन वंशातले, म्हणजे याकोबाच्या थोरल्या मुलाच्या वंशातले. त्यांची तक्रार याजकपदाची नाहीच. तुम्ही आम्हाला शेतं, द्राक्षमळे काही दिले नाहीत, ही त्यांची तक्रार. तिसरा गट २५० नामांकित सरदारांचा, त्यांना धूप जाळण्याचा अधिकार हवा. मागण्या तीन आणि मोर्चा एक. रऊबेन आणि कहाथ, दोघांचेही तंबू निवासमंडपाच्या दक्षिणेला होते. शेजार होता, तेवढ्यावर युती झाली. सोसायटीच्या निवडणुकीत शेवटच्या आठवड्यात जुळलेलं पॅनल आठवावं. पिर्के आवोथ या नीतिग्रंथात ‘देवासाठी नसलेला वाद’ म्हणून उदाहरण दिलं आहे ते ‘कोरह आणि त्याची टोळी’ असं. देवासाठी असलेल्या वादात मात्र हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंची, म्हणजे दोन्ही बाजूंची नावं आहेत. म्हणजे कोरहाच्या वादात दुसरी बाजू मोशे नव्हती, त्यांचं आपसातच जमत नव्हतं, असा अर्थ भाष्यकारांनी काढला तो पटण्यासारखा आहे.

मोशेने हे हाताळलं कसं, तेही क्रमाने वाचावं. आधी तो पालथा पडतो, लगेच उत्तर देत नाही. मग म्हणतो, ‘सकाळी पाहू.’ एक रात्र मध्ये जाऊ देतो. कोरहाशी वेगळं बोलतो. दाथान-अबीरामला बोलावणं पाठवतो, त्यावर ‘आम्ही वर येणार नाही’ असा निरोप येतो, तर शेवटी स्वतः उठून त्यांच्या तंबूंपाशी जातो. फुटलेल्या गटांशी वेगवेगळं बोलायचं, हे त्याला कळलं होतं. मध्येच त्याचा तोल जातो आणि तो देवाला म्हणतो, ‘यांचं एक गाढवही मी घेतलेलं नाही.’ हे गाढव लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात लागेल.

दाथान-अबीरामच्या निरोपातला एक शब्द मात्र नीट ऐकावा. ‘दुधामधाचा देश’ असं ते म्हणतात ते मिसरला, म्हणजे इजिप्तला, जिथे ते गुलाम होते! हा शब्द तोवर फक्त पुढे मिळायच्या भूमीसाठी वापरलेला होता. बंडात माणसं फुटतात त्याच्या आधी शब्द फुटतात. आणि ‘वर येणार नाही’ हे ते दोनदा म्हणतात. शेवटी गेले खालीच.

या यादीत पेलेथचा मुलगा ओन असं एक नाव आहे. पुढे तो दिसतच नाही. गेला कुठे? (मुरुड)

बरोबर पकडलंत. १६:१ नंतर त्याचं नाव पुन्हा येत नाही. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात (सान्हेद्रिन १०९ब), याचं उत्तर त्याच्या बायकोच्या पदरात टाकलं आहे. ती म्हणाली, हा जिंकला काय, तो जिंकला काय, तुम्ही शेवटी चेलेच ना? मग नवऱ्याला दारू पाजून झोपवलं आणि स्वतः केस मोकळे सोडून दारात बसली. बोलवायला आलेला प्रत्येक धर्मनिष्ठ बंडखोर बाईचे उघडे केस पाहून माघारी फिरला. ओन वाचला.

आमच्या मच्छीमार सोसायटीत दर निवडणुकीला ‘स्वच्छ माणूस हवा’ म्हणतात. शास्त्रात स्वच्छतेची काही मोजपट्टी आहे का? (हर्णै)

आहे, आणि ती हिशेबाची आहे. १ शमुवेल १२:३ काढा. कारभार सोडताना म्हातारा संदेष्टा शमुवेल सगळ्या लोकांसमोर आणि नव्या राजासमोर उभा राहतो आणि विचारतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला फसवलं? कोणावर जुलूम केला? लाच घेऊन कोणाकडे डोळेझाक केली? सांगा, मी परत करतो. पाच प्रश्न आणि भरपाईची तयारी. लोक म्हणतात, काही घेतलं नाहीस. तो त्यावर साक्षी ठेवतो. ‘मी प्रामाणिक आहे’ असं तो कुठेही म्हणत नाही. वस्तूंची नावं घेतो, म्हणजे ज्याला बोट दाखवायचंय त्याला दाखवता येतं.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनालयात, तोरा (तनाखमधली पहिली पाच पुस्तकं) वर्षभरात ५४ पाठांत वाचतात. कोरहाचा पाठ साधारण जून-जुलैत, आपल्याकडे पाऊस सुरू होतो त्या सुमारास येतो. त्याला जोडून संदेष्ट्यांमधला जो उतारा वाचतात तो शमुवेलचा हाच. गाढवाला गाढव जुळवलंय हे उघड आहे. पण आणखी एक धागा आहे. १ इतिहास ६ मधली वंशावळ पाहिली तर शमुवेल हा कोरहाच्याच वंशातला.

त्याच भाषणातली एक फटही दाखवून देतो, कारण शास्त्र ती लपवत नाही. हिशेबाच्या आधीच्या वचनात शमुवेल म्हणतो, ‘माझे मुलगे तुमच्यात आहेत,’ आणि पुढे जातो. हेच मुलगे लाच खात होते, हे चार अध्याय आधी लिहिलेलं आहे. स्वतःचा हिशेब चोख, मुलांच्या हिशेबावर अर्धं वाक्य.

माणसं निवडायची कशी, यासाठी निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच तंटे सोडवत बसलेला पाहून सासरा इथ्रो म्हणतो, तूही झिजशील, लोकही झिजतील. त्याने सांगितलेल्या अटी चार: कर्तबगार, देवाला भिणारा, सत्याला धरून चालणारा, लाचेचा तिटकारा असणारा. मग हजारावर एक, शंभरावर एक, पन्नासावर एक, दहावर एक. ६ लाख पुरुष धरून तालमूदने बेरीज केली आहे: ६०० + ६,००० + १२,००० + ६०,००० म्हणजे ७८,६००. आठांत जवळजवळ एक जण पंच! यातले ६०,००० तर फक्त दहा-दहा माणसांपुरते. तुमच्या सोसायटीत कशाची टंचाई असेल ती चेअरमनची नसेल, या दहावाल्यांची असेल. बोटीवर बर्फ किती भरला, डिझेलची सही कोणी केली, हे त्यालाच ठाऊक असतं. तो नसला की सगळं एकाच टेबलावर येतं, आणि मग त्या टेबलाची किंमत वाढते.

राजा अहाबने नाबोथला जमिनीचा भाव देऊ केला, बदल्यात चांगली जमीनही. आमच्याकडे वाड्या अशाच विकल्या जातात. यात पाप ते काय? (गुहागर)

भाव देऊ करण्यात काहीच नाही. १ राजे २१:२ मध्ये अहाबला दोष दिलेला नाही. राजवाड्याला लागून मळा आहे, मला तिथे भाजी लावायचीय, याहून चांगला मळा घे नाहीतर रोख पैसे घे, असं तो सरळ म्हणतो. नाबोथचं उत्तर असं, की माझ्या वाडवडिलांचं वतन तुला देणं देव मला करू देऊ नये. हे हटवादीपणाचं उत्तर नाही. लेवीय २५:२३ प्रमाणे जमीन कायमची विकता येत नाही, ती देवाची आहे. अडचणीत विकली तरी ५०व्या वर्षी मूळ घराकडे परत. राजाला हवं होतं ते कायमचं.

आता अहाब घरी येऊन बायकोला काय सांगतो ते दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून वाचा. सहाव्या वचनात पैसे आधी आले, मळा नंतर. ‘याहून चांगला’ गळालं. भाजीही गळाली. आणि नाबोथच्या तोंडचं ‘वाडवडिलांचं वतन’ जाऊन उरलं फक्त ‘माझा मळा देणार नाही’. एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत धर्माचा नकार उद्धटपणाचा नकार झाला. ईजबेल राणीला खरं कारण कळलंच नाही. कळलं असतं तरी तिने ऐकलं असतं असं नाही. पण अहाबने ते सांगितलं नाही, हे लेखकाने मुद्दाम दाखवलं आहे.

पुढचं सगळं कागदावर नीट आहे, म्हणून भयंकर आहे. ईजबेल पत्रं लिहिते ती राजाच्या नावाने, त्यावर राजाचा शिक्का. गावात उपास जाहीर करा. नाबोथला मानाच्या जागी बसवा. समोर दोन टवाळ बसवा. दोनच का? तर अनुवाद १७:६ प्रमाणे एका साक्षीवर देहदंड देता येत नाही. आरोप काय? ‘देवाला आणि राजाला शाप दिला.’ यातला राजा कशाला, यावर तालमूदमध्ये चर्चा आहे, आणि राजद्रोहात मेलेल्याची मालमत्ता राजाकडे जाते हे मतही तिथेच आहे. कायद्याची कलमं पाळली गेली, एक सोडून. अनुवाद १९:१८ सांगतं, की न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी. ती कोणी केली नाही, नाबोथला सरळ दगडांनी ठेचून मारलं. आणि हे करणारे परके नव्हते. त्याच्याच गावात राहणारे वडीलधारे आणि प्रतिष्ठित, असं लेखक दोनदा सांगतो. एकाचंही नाव देत नाही.

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरतो तिथे संदेष्टा एलीया उभा. मलिद्याच्या ताटापुढे, पोहे-गूळ-खोबरं आणि फळं मांडून, बेने इस्राएल घरांतून ज्या एलियाहू हन्नाबीचं नाव घेतात तोच हा. अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. तो दोनच शब्दांत विचारतो: खून केलास, आणि ताबाही घेतलास? अहाबने धोंडा उचलला नव्हता, पत्रही लिहिलं नव्हतं. पण शिक्का त्याचा होता. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय एलीया ठेवत नाही.

शिक्षेचा भाग गुंतागुंतीचा आहे. अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो. आधीचा उपास खोटा होता, हा खरा. त्यावर देव घराण्यावरचं संकट मुलाच्या काळापर्यंत पुढे ढकलतो. तरीही अहाब स्वतः लढाईत, कोणीतरी नेम न धरता सोडलेल्या बाणाने मरतो. मुलगा योराम याला मारणारा सेनापती येहू त्याचं प्रेत टाकायला लावतो ते नाबोथच्याच मळ्यात (२ राजे ९:२५).

म्हणजे बापाचं पाप मुलाने फेडायचं? हा कसला न्याय? (देवगड)

या प्रश्नावर शास्त्र स्वतःशीच भांडतं, आणि ते भांडण मिटवून दाखवण्यापेक्षा वचनं समोर ठेवलेली बरी. निर्गम २०:५ म्हणतं, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. अनुवाद २४:१६ म्हणतं, बापासाठी मुलाला मारू नये, मुलासाठी बापाला मारू नये. पहिलं देवाच्या हातातलं, दुसरं माणसांच्या न्यायालयासाठी, असा भेद पुष्कळ भाष्यकार करतात. राजा अमस्या बापाच्या मारेकऱ्यांना मारतो आणि त्यांच्या मुलांना सोडतो, तेव्हा हेच कलम दाखवलं जातं (२ राजे १४:६). पुढे यहेज्केल १८ मध्ये तर आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, ही म्हण यापुढे बोलायचीच नाही असं देव बजावतो.

कोरहाच्या प्रकरणात दाथान-अबीरामच्या तंबूंच्या दारात बायका-पोरं उभी आहेत. ते चित्र टोचतं आणि टोचावंच. पण दहा अध्याय पुढे, गणना २६:११ मध्ये, शिरगणतीच्या रुक्ष यादीत एक वाक्य टाकलेलं आहे: कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. त्यांच्या वंशजांनी पुढे मंदिरात गायन केलं. स्तोत्रसंहितेत ४२, ४४ ते ४९, ८४, ८५, ८७ आणि ८८ ही ११ स्तोत्रं त्यांच्या नावावर आहेत.

आणि नेत्यांना सूट मिळते अशी समजूत असेल तर गणना २० वाचा. खडकाशी बोल म्हटलं असताना मोशे काठी मारतो, तेवढ्यावर त्याचा त्या देशातला प्रवेश बंद होतो. ४० वर्षांची चाकरी आणि शेवटी डोंगरावरून नुसतं दर्शन. आमच्या मते सगळ्या तनाखमध्ये सर्वांत कडक शिक्षा हीच.

योथामच्या झाडांच्या गोष्टीवर पाऊण तासाचं कीर्तन बसवायचं आहे. झाडं कोकणातली घेतली तर चालेल का? काय सांभाळावं? (रेवदंडा)

चालेल. बेने इस्राएलांनी १८८०च्या सुमारास या कथा कीर्तनात आणल्या तेव्हा साकी-दिंडीची चालच घेतली होती. झाडांनी काय बिघडणार?

शास्ते ९ मधली कथा थोडक्यात: झाडं राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल, तिघंही नाही म्हणतात. शेवटी काटेरी झुडूप (मूळ शब्द आताद) तयार होतं आणि म्हणतं, माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून आग निघून लबानोनचे गंधसरूही जळतील.

झाडं बदलताना एक पथ्य पाळा. प्रत्येक झाड आपण काय देतो ते सांगून नकार देतं: तेल, गोडी, द्राक्षारस. तेलासाठी माड घेतला तर माडीही त्याच्याकडेच, मग तिसऱ्याची पंचाईत. तेव्हा माड, फणस आणि रातांबा घ्या, सोलकढीवर कोणाचा आक्षेप नसतो. आतादसाठी करवंदाची जाळी मात्र घेऊ नका. तिला फळ आहे, बिचारीवर अन्याय होईल. घाणेरी घ्या: सावली नाही, कामाचं फळ नाही, वाळली की भुरुभुरु जळते. आणि तिन्ही झाडं ‘राज्य करायला’ येत नाही असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, आपलं काम टाकून झाडांवर डोलत बसू का? हे डोलणं हातवाऱ्यातून दाखवा, वेगळी टीका लागत नाही.

बहुतेक ठिकाणी कीर्तन बिघडतं ते असं, की श्रोते घाणेरीला हसतात आणि घरी जातात. घाणेरीने कोणाला फसवलं नाही, आग लागेल हे तिने आधीच सांगितलं. निघाली होती ती झाडं. योथामचा राग शखेम गावच्या लोकांवर आहे, त्यांनी त्याचा भाऊ अबीमलेख याला राजा केलं, म्हणून दृष्टांताला पूर्वरंगातली १० मिनिटं पुरे. उत्तररंग हिशेबावर बांधा. अबीमलेखला शखेमकरांनी बाल-बरीथच्या देवळातून ७० चांदीची नाणी दिली. त्यातून त्याने गुंड भाड्याने घेतले आणि एकाच धोंड्यावर ७० भाऊ मारले. माणशी एक नाणं, तेही देवस्थानच्या पेटीतलं! लपून वाचला तो एकटा धाकटा योथाम. राज्य टिकलं ३ वर्षं. शेवटी तेबेसच्या बुरुजावरून एका बाईने जात्याची वरची तळी टाकली आणि त्याचं डोकं फुटलं. ज्याने एका धोंड्यावर मारले तो धोंड्यानेच. ‘बाईने मारलं’ असं कोणी म्हणू नये म्हणून तो शिपायाला तलवार चालवायला लावतो. पण २ शमुवेल ११:२१ मध्ये, दाविदाच्या काळात, सेनापती यवाब त्याचं नाव काढतो ते नेमकं ‘बाईने तळी टाकून मारला तो’ म्हणूनच. हे वाक्य शेवटच्या पदाआधी ठेवा, नंतर नको. हशा पिकला की पद वाया जातं.

या दोघांचा बाप गिदोन वगळू नका. त्याने राजेपद नाकारलं खरं (८:२३), पण लगेच लुटीतलं १,७०० शेकेल सोनं मागून घेतलं आणि या मुलाचं नाव ठेवलं अबीमलेख, म्हणजे ‘माझा बाप राजा’.

अंकात दिलेले काही संदर्भ आमच्या हिब्रू-मराठी प्रतीत जुळत नाहीत. छपाईची चूक का? (पेण)

चूक नाही. गणनेचा १६वा अध्याय हिब्रू प्रतीत ३५ वचनांवर संपतो, मराठी बायबलात तो ५०पर्यंत जातो. जळून मेलेल्या २५० जणांची धुपाटणी ठोकून वेदीला पत्रा चढवला, तो भाग मराठीत १६:३६ पासून आहे, हिब्रूत १७:१ पासून. मरी येऊन १४,७०० माणसं गेली आणि अहरोन तेच धुपाटणं, तोच धूप घेऊन मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मध्ये उभा राहिला, तो भागही तुमच्या प्रतीत १७व्या अध्यायातच सापडेल. १ इतिहास ६ मध्ये १५ वचनांचा फरक पडतो: शमुवेलची वंशावळ मराठीत ३३ पासून, हिब्रूत १८ पासून. स्तोत्रांत शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी एकाने पुढे मोजा.